मृत्यूच्या दाखल्यानंतरचा रुग्ण

कायद्याने मृत ठरलेल्या माणसाचा देह, किंवा केवळ त्याचे मस्तक, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जतन करायचे, आणि त्याचा आजार, त्याचे वार्धक्य व जतन करताना झालेली इजा या तिन्हींवर उपाय करू शकेल असे वैद्यक पुढेमागे निर्माण होईल या आशेने ते अनिश्चित काळ सांभाळायचे, या उपक्रमाला क्रायोनिक्स म्हणतात. अमेरिकेत १९६०च्या दशकात त्याची सुरुवात झाली, कडाक्याची थंडी सुचवणाऱ्या ग्रीक शब्दावरून १९६५ मध्ये कार्ल वर्नर यांनी त्याला हे नाव दिले, आणि आज ॲरिझोनातील अल्कोर व मिशिगनमधील क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट या दोन प्रमुख संस्थांकडे मिळून काहीशे माणसे या अवस्थेत आहेत. त्यांपैकी एकालाही पुन्हा जिवंत करता आलेले नाही, आणि ते कसे करता येईल याची कार्यपद्धतीही कोणापाशी नाही. तरीही काही श्रीमंतांचा छंद म्हणून हा विषय बाजूला सारता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी असलेली अडचण साऱ्या आधुनिक वैद्यकाची आहे. प्रक्रियेला हात घालण्यापूर्वी माणूस मेला असे अधिकृतपणे सांगितले जावे लागते. प्रक्रियेला अर्थ उरावा म्हणून तो मेलेला नाही असे मानावे लागते. आणि ही दोन्ही विधाने काही मिनिटांच्या अंतराने, एकाच खोलीत, एकाच देहाविषयी केली जातात. या कोंडीतून मृत्यूविषयी बोलण्याची जी एक वेगळी भाषा घडत गेली, तिचा परिचय करून देणे आणि तिचे मोल तपासणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या भाषेचा पाया मिशिगनमधील भौतिकशास्त्राचे अध्यापक रॉबर्ट एटिंगर यांनी घातला. अमरत्वाच्या शक्यतेविषयीचे त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये खासगीरीत्या आणि १९६४ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून प्रसिद्ध झाले, आणि त्यातील मध्यवर्ती युक्तिवाद असा होता की मृत्यू हा एका क्षणी कायमचा पडणारा पडदा नसून त्या त्या काळच्या वैद्यकाला जेथे हात टेकावे लागतात ती सीमा आहे, आणि ही सीमा पूर्वी सरकली तशी पुढेही सरकेल. त्याच सुमारास इव्हान कूपर यांनी स्थापन केलेल्या मंडळाच्या वार्तापत्राचे नाव ‘गोठवा, थांबा, पुन्हा जिवंत करा’ अशा अर्थाचे होते. सुरुवातीची भाषा अशी रोखठोक, जवळजवळ पाककृतीसारखी होती. १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफर्ड यांचे निधन झाले आणि पुन्हा जिवंत होण्याच्या उद्देशाने जतन झालेली ती पहिली व्यक्ती ठरली. त्यानंतर हा विचार कागदावरचा न राहता सांभाळण्याची, खर्चाची आणि उत्तरदायित्वाची बाब झाला, आणि तसतशी भाषाही सावध, तांत्रिक व वैद्यकाच्या वळणाची होत गेली.

या बदलाचे टप्पे बोलके आहेत. ‘मरण पावला’ या शब्दांच्या जागी ‘डीॲनिमेशन’, म्हणजे चेतना थांबणे, हा शब्द आला. थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू होऊ शकते असे तो शब्दच गृहीत धरतो. जतनाच्या क्रियेला बराच काळ ‘सस्पेन्शन’, म्हणजे स्थगिती, असे म्हटले जाई; परंतु ज्या स्थितीतून परत आणण्याची रीत ज्ञात आहे तिलाच स्थगिती म्हणणे रास्त ठरते हे जाणवल्यावर अनुयायांनीच तो शब्द मागे घेऊन ‘क्रायोप्रिझर्वेशन’, म्हणजे अतिशीत जतन, हा अधिक मर्यादित दावा करणारा शब्द स्वीकारला. ‘गोठवणे’ हा शब्द मात्र निराळ्या कारणाने मागे पडला. साध्या गोठवण्यात पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींची रचना उद्ध्वस्त करतात. म्हणून रक्ताऐवजी शरीरात स्फटिकरोधक द्रावण भरून देह काचेसारख्या घन, स्फटिकविरहित अवस्थेत नेण्याची पद्धत पुढे आली, जिला विट्रिफिकेशन किंवा काचीभवन म्हणतात. त्यामुळे आज या क्षेत्रातील माणसे ‘गोठलेले देह’ हा वृत्तपत्रांचा आवडता शब्दप्रयोग चुकीचा मानतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहेत, जरी मोठ्या अवयवांत आणि विशेषतः प्रक्रियेला उशीर झालेल्या देहांत काचीभवन सर्वत्र साधते असे नाही.

या साऱ्या शब्दांत सर्वांत वजनदार शब्द आहे ‘रुग्ण’. संस्थांच्या लिखाणात टाक्यांतील व्यक्तींचा उल्लेख मृत, देह किंवा अवशेष असा होत नाही. ते रुग्ण असतात, त्यांच्या जागेला रुग्णसेवेचा कक्ष म्हटले जाते, त्यांच्या देखभालीचा निधी रुग्णसेवेच्या न्यासात असतो, आणि जतनाचा वृत्तान्त मृत्युलेखासारखा न लिहिता शस्त्रक्रियेच्या अहवालासारखा, वेळा, तापमाने आणि औषधांच्या मात्रा नोंदवत लिहिला जातो. हा निव्वळ सौम्य शब्द आहे असे मानणे अन्यायाचे होईल. रुग्ण म्हटले की कोणीतरी त्याचा उत्तरदायी असतो, त्याच्यावरील उपचार गैरसोयीचे झाले म्हणून थांबवता येत नाहीत, आणि त्याच्या हिताचा विचार तो बोलू शकत नसतानाही करावा लागतो. या शब्दाची गरज का पडली हे कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथील प्रकरणातून कळते. तेथील दफनभूमीतल्या तळघरात ठेवलेले नऊ देह पैसा संपल्यामुळे नायट्रोजन न मिळून वितळले, नातेवाइकांना त्याची कल्पना दिली गेली नव्हती, आणि १९७९ मध्ये हे उघडकीस आल्यावर प्रकरण न्यायालयात गेले. त्यानंतरच्या संस्थांनी दीर्घकालीन निधी आधी घेण्याचा कटाक्ष ठेवला. त्यांच्या तोंडी ‘रुग्ण’ या शब्दाला जो अर्थ आहे त्यात हे कर्तव्य प्रामाणिकपणे सामावलेले आहे.

कायद्याने मात्र हा शब्द कधीच मान्य केलेला नाही. मिशिगन राज्याने २००३ मध्ये क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटच्या कामावर हरकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिला परवाना दिला तो दफनभूमी म्हणून. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये एका दांपत्याच्या जतन केलेल्या देहांबाबत निर्णय देताना दफन किंवा दहन याखेरीज तिसरा मार्ग कायद्यात नाही असे ठरवले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा कायदा अधिकच लक्षणीय आहे, कारण त्याचा रोख शीतजतनाच्या क्रियेपेक्षा तिच्या विक्रीवर आहे: मानवी अवशेष भविष्यात पुन्हा जिवंत होतील या अपेक्षेवर आधारलेली जतनाची योजना विकायला तो मनाई करतो. म्हणजे तेथे कायद्याला आक्षेपार्ह वाटली ती शब्दांत दिलेली आशा.

वैद्यकाकडे वळल्यावर हा विरोध इतका सरळ राहत नाही. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी छाती न उघडता हृदयाला मालिश करून रक्ताभिसरण टिकवता येते हे दाखवून दिले आणि हृदय थांबणे हा मृत्यूचा निर्विवाद पुरावा उरला नाही. सोव्हिएत संघात व्लादिमीर नेगोव्स्की यांनी हृदय व श्वास थांबल्यानंतरच्या पण परत आणता येण्याजोग्या अवस्थेचा अभ्यास करून ‘क्लिनिकल मृत्यू’ ही संकल्पना रुजवली. बेडफर्ड यांच्या जतनाच्याच वर्षी, डिसेंबर १९६७ मध्ये, केप टाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयारोपण केले, आणि १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने कायमच्या बेशुद्धावस्थेला मृत्यूचा नवा निकष म्हणून मान्यता द्यावी असे सुचवले. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या आदर्श कायद्याने मृत्यूच्या दोन वाटा मानल्या: रक्ताभिसरण व श्वसन अपरिवर्तनीयरीत्या थांबणे, किंवा मेंदूस्तंभासह संपूर्ण मेंदूचे कार्य अपरिवर्तनीयरीत्या थांबणे. ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द दिसतो निसर्गाविषयी, पण त्यात उपलब्ध साधनांचा आणि माणसांच्या निर्णयाचाही अंश असतो. ज्या रुग्णाबाबत पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करायचे नाहीत असे ठरले आहे त्याचे हृदय थांबल्यावर अवयवदानासाठी काही मिनिटांतच मृत्यू घोषित होतो. त्या मिनिटाला ते हृदय पुन्हा सुरू करता आले असते का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘कदाचित’ असे असते. म्हणूनच काही वैद्यकीय नीतिज्ञ ‘परत आणता येणार नाही’ आणि ‘परत आणले जाणार नाही’ यांत फरक करतात, आणि मृत्यूच्या घोषणेला दुसरा अर्थ पुरेसा आहे असे मानतात.

क्रायोनिक्स उभे आहे ते याच फटीत, आणि त्याच्या बाजूने बोलणारी काही तथ्ये दुर्लक्षिता येत नाहीत. महाधमनीच्या कमानीवरील काही शस्त्रक्रियांत रुग्णाला सुमारे १८ अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. हृदय बंद, मेंदूच्या विद्युत्‌लहरी बंद, तरी त्याला कोणी मृत म्हणत नाही, कारण त्याला परत आणण्याची रीत माहीत आहे. नॉर्वेमध्ये १९९९ साली बर्फाखालच्या प्रवाहात अडकलेल्या एका महिलेच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते, हृदय थांबले होते, आणि तरी ती वाचली. प्रजननवैद्यकात तर मानवी भ्रूण याच उणे १९६ अंशांत वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांतून मुले जन्मतात. चयापचय थांबणे म्हणजेच मृत्यू नव्हे, एवढे यावरून सिद्ध होते. मात्र काही पेशींचा भ्रूण आणि कर्करोगाने किंवा हृदयविकाराने खचलेले प्रौढ शरीर यांतील अंतर प्रचंड आहे, आणि पहिल्याचे यश दुसऱ्याच्या पदरात टाकण्याचे काम वस्तुस्थिती करत नाही, ते दोघांना लागू केलेला ‘जतन’ हा एकच शब्द करतो. या भाषेतील सर्वांत सावध राहण्याची जागा ही आहे.

मृत्यूच्या घोषणेनंतरची काही मिनिटे या साऱ्या चर्चेचे खरे केंद्र आहेत. संस्थेचे पथक आधीपासून जवळ थांबलेले असते. डॉक्टर किंवा अधिकृत परिचारिका मृत्यू घोषित करते. आणि लगेच देह बर्फाच्या पाण्यात ठेवून यंत्राने छातीवर दाब देणे सुरू होते, जेणेकरून मेंदूला रक्त मिळत राहावे आणि रक्त गोठू नये म्हणून दिलेली औषधे सर्वत्र पोचावीत. हृदय पुन्हा सुरू करण्याचा हेतू नसतो. परंतु अशा दाबामुळे पुरेसे रक्त मेंदूपर्यंत पोचल्यास जाणीव परतण्याची शक्यता सैद्धान्तिकदृष्ट्या नाकारता येत नाही, म्हणून औषधांत प्रोपोफोल हे भूल देणारे द्रव्यही असते. कायद्याच्या भाषेत जो मृत आहे त्याला जाग येऊ नये म्हणून भूल द्यावी लागावी, या एका तपशिलात या विषयाची सारी गुंतागुंत एकवटलेली आहे. त्याच वेळी कागदोपत्री आणखी तीन भाषा बोलल्या जातात. मृत्यूच्या नोंदीत तो मृत असतो. शरीरदानाच्या कायद्यानुसार तो संशोधनासाठी संस्थेला दिलेले दान असतो. आणि बहुतेक सदस्य हा खर्च आयुर्विम्यातून करत असल्यामुळे विमा कंपनीच्या लेखी तो मृत असणे ही रक्कम मिळण्याची अटच असते. रुग्णसेवेचा पैसा अशा रीतीने रुग्णाच्या मृत्यूच्या दाखल्यावर मिळतो.

या भाषांचा संघर्ष न्यायालयात पोचला तेव्हा तो शब्दच्छल राहिला नाही. डिसेंबर १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे, तेव्हा तेथेच असलेल्या अल्कोरच्या आवारात, डोरा केंट या वृद्धेचे मस्तक जतन करण्यात आले. मृत्यू घोषित करण्यासाठी त्या वेळी डॉक्टर हजर नव्हता. अपमृत्यूंचा तपास करणाऱ्या कोरोनरला उरलेल्या शरीरात बार्बिट्युरेट औषधाचे अंश सापडले आणि हे औषध जिवंत शरीरातच पसरले असेल, म्हणजे मृत्यू त्या औषधाने घडवला गेला असेल, असा संशय त्याने घेतला. संस्थेचे म्हणणे असे होते की औषध मृत्यूनंतर दिले आणि यंत्राने चालवलेल्या अभिसरणाने ते पसरले. रक्त फिरत होते याबद्दल दोघांत वाद नव्हता. फिरणाऱ्या रक्ताला जीवन म्हणायचे की नाही हा वाद होता. मस्तक तपासासाठी वितळवण्यास न्यायालयाने मनाई केली आणि कोणावरही खुनाचा आरोप दाखल झाला नाही. दुसरे प्रकरण गणितज्ञ थॉमस डोनाल्डसन यांचे आहे. त्यांच्या मेंदूत गाठ होती, आणि कायदेशीर मृत्यू येईपर्यंत थांबल्यास जे जतन करायचे तेच नष्ट होईल म्हणून मृत्यूपूर्वीच जतन होण्याचा अधिकार त्यांनी मागितला. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९९२ मध्ये तो नाकारला, कारण त्यांच्या भाषेत जे जीवरक्षण होते ते कायद्याच्या भाषेत दुसऱ्याच्या हातून घडवलेला मृत्यू होते. डोनाल्डसन आणखी अनेक वर्षे जगले हे सांगितले पाहिजे. क्रायोनिक्सच्या भाषेने त्या वेळी कायद्याला जिंकले असते तर ती वर्षे त्यांना मिळाली नसती.

डोनाल्डसन यांच्या निकालाच्याच वर्षी, १९९२ मध्ये, राल्फ मर्कल या संगणकशास्त्रज्ञाने या क्षेत्राला त्याची सर्वांत नेमकी संज्ञा दिली. स्मृती आणि व्यक्तिमत्त्व मेंदूच्या ज्या रचनेत नोंदलेले असते ती रचना इतकी विस्कटली की कोणत्याही कल्पनीय तंत्राने मूळ रचना ताडता येऊ नये, तेव्हाच माणूस खऱ्या अर्थाने मेला, अशी माहितीच्या पातळीवरील मृत्यूची त्यांची व्याख्या आहे. फाटून चिंध्या झालेले हस्तलिखित जुळवता येते, राखेतून ते वाचता येत नाही, असा हा भेद आहे. ही व्याख्या बुद्धीला पटणारी आहे आणि डॉक्टरांच्या निकषांपेक्षा ती तत्त्वतः अधिक खोल जाते. तिचा दोष एवढाच, आणि तो मोठा आहे, की तिची कसोटी आज कोणालाही लावता येत नाही. एखाद्या जतन केलेल्या मेंदूत चिंध्या आहेत की राख हे सांगणारी परीक्षा नाही, त्यामुळे ती व्याख्या मृत्यू कधी झाला हे सांगत नाही, फक्त तो झाला असे म्हणण्यास कायमची स्थगिती देते. शीतजीवशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये मृत व्यक्तींना पुनरुज्जीवनाच्या अपेक्षेने गोठवणाऱ्यांना सदस्यत्व नाकारण्याची तरतूद केली, तिच्यामागे हीच अस्वस्थता होती. मात्र वादाचा मुद्दाच असलेला ‘मृत’ हा शब्द नियमात आधीच घालून त्या शास्त्रज्ञांनीही चर्चा टाळली असे म्हणावे लागते.

मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने या भाषेचा विचार आजवर फारच थोडा झाला आहे. इंग्लंडच्या उच्च न्यायालयात २०१६ मध्ये कर्करोगाने आजारी असलेल्या एका १४ वर्षांच्या मुलीचा अर्ज आला. तिला जतन व्हायचे होते, आईची संमती होती, वडिलांची नव्हती. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी क्रायोनिक्स योग्य की अयोग्य हे ठरवण्यास नकार देऊन, तिच्या मृत्यूनंतर निर्णय कोणी घ्यावा एवढ्याच प्रश्नावर आईच्या बाजूने निकाल दिला, आणि मुलीचा देह पुढे अमेरिकेत नेण्यात आला. मुलगी पुन्हा जगण्याविषयी बोलत होती आणि न्यायालयापाशी त्यासाठी जे शब्द होते ते मृतदेहाच्या विल्हेवाटीचे होते; तरीही त्या निकालपत्रात मृत्युशय्येवरच्या मुलाविषयीची जी आस्था आहे ती या विषयावरील बहुतांश लेखनात सापडत नाही. ज्याला रुग्ण म्हटले जाते त्याचा शोक करायचा की नाही, त्याच्या मागे राहिलेल्या जोडीदाराने स्वतःला विधवा वा विधुर मानायचे की नाही, हे प्रश्न संस्थांच्या शब्दकोशाने उघडे सोडले आहेत. त्यांच्या करारपत्रांत यशाची कोणतीही हमी नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. ती करारपत्राची भाषा खरी आहे, आणि घरच्यांशी बोलतानाही तीच वापरली गेली पाहिजे. ‘रुग्ण’ हा शब्द सांभाळ करण्याच्या वचनापुरता रास्त आहे. बरे होण्याच्या अंदाजापुरता तो आज रास्त नाही.

मराठी वाचकाला हा सारा व्यवहार दूरचा वाटेल, पण त्यातला मूळ प्रश्न त्याच्या घराशेजारच्या रुग्णालयात रोज उभा असतो. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९च्या भारतीय कायद्यानुसार जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होणे म्हणजे मृत्यू. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्याने त्यात मेंदूस्तंभाच्या मृत्यूची भर घातली, आणि तो प्रमाणित करण्यासाठी चार वैद्यकीय तज्ज्ञांचे मंडळ व किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी आवश्यक ठरवली. या कायद्याने मृत ठरलेल्या व्यक्तीचे हृदय व्हेंटिलेटरच्या आधाराने धडधडत असते, त्वचा उबदार असते, आणि मुंबई, पुणे, नागपूर येथील अवयवदानाच्या बातम्यांत तिचा उल्लेख सर्रास ‘ब्रेनडेड रुग्ण’ असा होतो. बातमीदार येथे नकळत तेच करतो जे अल्कोर जाणीवपूर्वक करते. फरक असा की तेथे माणसाने जिवंतपणी तो शब्द स्वतःसाठी निवडलेला असतो, आणि येथे अतिदक्षता विभागाबाहेर थांबलेल्या आईवडिलांना तो ऐकवला जातो, ज्यांना पुढच्या काही तासांत आपल्या मुलाच्या अवयवांविषयी निर्णय घ्यायचा असतो. रुग्ण म्हटले तर तो बरा होईल का हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि तो विचारणाऱ्या कुटुंबाला अज्ञानी ठरवणे अन्यायाचे आहे. रुग्णालयांतील डॉक्टरांनी, प्रत्यारोपण समन्वयकांनी आणि वृत्तपत्रांनी चार तज्ज्ञांची स्वाक्षरी झाल्यानंतर ‘रुग्ण’ हा शब्द वापरणे थांबवावे, ‘मृत्यू झाला आहे’ असे स्पष्ट सांगावे व लिहावे, आणि यंत्र चालू असूनही तसे का म्हटले जाते हे कुटुंबाला समजेपर्यंत पुन्हा पुन्हा समजावून द्यावे.